कोयता नंबर एक

(१९७१-७२ चा गळीत हंगाम. राहुरीकडच्या एका साखर कारखान्याचा दवाखाना. दुपारचे अडीच वाजले आहेत.)

छबूबाई : बसायला न्हाई आले मी. ह्या चिठ्ठीत काय लिवलंय ते तुमच्या तोंडानं वाचून दावा.

विजयमाला : छबूबाई, चिठ्ठी मीच लिहिलीय. मला पाठ आहे ती.

छबूबाई : तरी बी वाचा. नर्सबाईच्या तोंडून ऐकू द्या मला.

विजयमाला : "मुकादम, रक्ताचे कागद आले. तुमच्या टोळीतल्या पुढील कोयत्यांनी जोडीने दवाखान्यात यावे. नंबर एक, नंबर चार, नंबर अकरा..."

छबूबाई : थांबा. नंबर एक कुनाचा कोयता?

विजयमाला : तुमच्या गहिनीनाथचा.

छबूबाई : माज्या गहिनीनाथचा! पाथर्डीकडनं तीन टोळ्या आल्यात ह्या कारखान्यावर. बाकीचे मुकादम खाटंवर बसून बिड्या वढत्यात आन् मानसांवर वरडत्यात. माजा लेक मुकादम आसून बायकूसंगं कोयता घिऊन फडात उतरतो. रोज पैली गाडी कुनाची भरती, इचारा शेतकी खात्याच्या सायबाला. त्या नंबर एकाला गरमी?

विजयमाला : हळू बोला. बाहेर माणसं बसलीत.

छबूबाई : बसू द्या. त्यांना माज्या आदी कळलंय. चिठ्ठी मुकादमाच्या हातात द्यायची, तर तुमचा मानूस माज्या पाचटाच्या कोपीत टाकून गेला. मला कुटं वाचता येतं? छगनला म्हनलं वाच. त्यो शाळंत कविता म्हनल्यागत मोट्यानं वाचत सुटला. सारा तळ गोळा झाला. मंग मधीच गप झाला. म्या म्हनलं ठसका लागला आसंल.

विजयमाला : चार नंबर कोणाचा आहे?

छबूबाई : छगनचाच... आगं बया. म्हनून गप झाला व्हय मेला!

विजयमाला : चूक झाली माझी. पाकिटात घालून द्यायला हवी होती.

छबूबाई : ते आता झालं. मला येवडंच सांगा. तीन आटवड्यांमागं तुमी गरमीचं रगत तपासाया तळावर आला. नवऱ्याचं बी रगत घेतलं, बायकूचं बी घेतलं. माज्या घरात कुनाचं रगत बिगडलंय? त्याचं का तिचं?

विजयमाला : नाही सांगता येणार.

छबूबाई : येत न्हाई, का सांगायचं न्हाई?

विजयमाला : सांगायचं तर नाहीच. ज्याचं दुखणं त्याला सांगायचं, सासूला नाही. पण खरं सांगू का? मलाच माहीत नाही.

छबूबाई : तुमीच रगत काडलं आन् तुमालाच ठाव न्हाई?

विजयमाला : आधी हे पाणी प्या. उन्हातून आलात.

छबूबाई : उन्हानं न्हाई, रागानं तापलेय मी. द्या पानी.

विजयमाला : रक्त घ्यायचं ठरलं तेव्हा मी तुमच्याकडून टोळीची वही मागून घेतली होती, आठवतं? त्या वहीवरून नावं उतरवली, बाकीच्या दोन टोळ्यांचे नंबर त्यापुढे. तुमच्या वहीत ओळीला एक नाव. एक गहिनीनाथ, दोन सहादेव, तीन गोरक्ष, चार छगन. एका कोयत्यात माणसं दोन, पण वहीत नाव नवऱ्याचंच.

छबूबाई : मंग? बायकू त्याच्यातच आली की. कोयता म्हनलं की दोगं बी आलीच.

विजयमाला : मीही तसंच धरलं. सकाळी सहा वाजता तिन्ही तळांची माणसं रांगेत उभी. अकराच्या एस.टी.नं बाटल्या नगरला जायच्या. मी एका कोयत्याच्या दोन बाटल्यांवर एकच नंबर टाकत गेले. एक, एक. दोन, दोन. काल कागद आला आणि माझे डोळे उघडले. कोयता नंबर एक : एका बाटलीत दोष, एक चांगली. कोणाची कोणती, हे आता कोणीच सांगू शकत नाही.

छबूबाई : तुमाला शिकवलं तरी कुनी?

विजयमाला : शिकवणाऱ्यांनी नीटच शिकवलं होतं. मला ऐट नडली. सत्तावन्न कोयते आणि वर तुम्ही, एकशे पंधरा माणसांनी न भांडता हात पुढे केले. मागच्या हंगामात दुसऱ्या एका तळावर माझ्यावर ढेकळं आली होती. इथं मी इतकी हरखून गेले की साधं 'बाई' आणि 'बुवा' लिहायचं सुचलं नाही.

छबूबाई : न भांडता? म्या पैला हात फुडं केला म्हनून. कडूबाई म्हनत हुती, नर्स रगत इकती मुंबैला. म्या म्हनलं, माजं म्हातारीचं घेतीया, माजं कोन इकत घिईल?

विजयमाला : तेच सांगते. तुम्ही नसता तर एक बाटली भरली नसती.

छबूबाई : आन् माजी बाटली? मला तर कोयता न्हाई. मालक जाऊन तेरा वरसं झाली. मला कुनाच्या नंबरात घातलं?

विजयमाला : तुम्हाला नंबरच नाही. एकशे पंधरा बाटल्यांत पूर्ण नावाची बाटली एकच. हे बघा कागदावर, छबूबाई आसाराम. चांगली आहे.

छबूबाई : आसनारच. ते सांगाया नगरला कशाला जायाला पायजे... कुटं? ह्ये?

विजयमाला : हे इथून इथपर्यंत.

छबूबाई : येवडं समदं माजं नाव?

विजयमाला : सगळं.

छबूबाई : बरं दिसतंय... ते ऱ्हाऊ द्या. माजं काम येगळं हाय. मला ठाव हाय कुनाची बाटली बिगडली ते. रंगूची. माज्या सुनंची.

विजयमाला : कशावरून?

छबूबाई : पैलं लेकरू मेलेलंच आलं. दुसरं बारा दिस जगलं. हातापायाची कातडी निगत हुती त्याच्या, फोड आल्ते आंगभर. म्या माज्या हातानं मातीत ठिवलं बाई. आता तिसरं पोटात हाय, सातवा चाललाय. सांगा, दोष कुनात हाय? जमीन नासकी आसली की बी काय करंल?

विजयमाला : रंगू कुठे आहे आत्ता?

छबूबाई : भाईर. बाभळीखाली बसवलीय. गाटोडं बांधूनच आनलं म्या. चारच्या गाडीनं माहेरी जाईल. भाऊ हाय तिचा. आन् फुडच्या हंगामाला माजा लेक दुसरी करंल.

विजयमाला : सातव्या महिन्यात? तिला कोणी काही विचारलं?

छबूबाई : इचारायचं काय? आवाज न्हाई केला तिनं. म्या गाटोडं बांदलं, तिनं काखंत मारलं. खोटी नसती तर वरडली नसती का?

विजयमाला : छबूबाई, एक सांगा. लग्न होऊन किती वर्षं झाली तिला?

छबूबाई : सा.

विजयमाला : सहा वर्षांत ती कुठे कुठे गेली?

छबूबाई : कुटं जातीया? घर, रान, फड. माहेरी गेली तर म्याच पोचवली, म्याच आनली. माज्या नदरंतून सुई बी जात न्हाई.

विजयमाला : मग तिला हे कुठून आलं?

छबूबाई : उष्णतेनं. दिसभर उसात, पाचट, ऊन...

विजयमाला : ऊस तुम्हीही चघळता. वीस वर्षं उसात आहात. तुम्हाला नाही आली ती?

छबूबाई : तुमी लई वकिलावानी बोलता.

विजयमाला : हा रोग उन्हानं होत नाही, उसानं होत नाही. माणसाकडून माणसाला जातो, अंथरुणातून. पुरुषाला एक फोड येतो, दुखतही नाही. आपोआप बरा होतो. त्याला वाटतं गेलं. बाईला तर बहुतेक वेळा काही दिसतच नाही. आणि तिच्या पोटातलं मूल त्याच रक्तावर वाढतं. तुम्ही मातीत ठेवलेल्या त्या लेकराच्या हातापायाची कातडी कशानं गेली, ते मला ऐकूनच कळलं.

छबूबाई : पर हा रोग वाईट चालीच्या मानसाला व्हतो. सारं जग सांगतं.

विजयमाला : मी नगरला शिकत होते तेव्हा मलाही तसंच वाटायचं. पहिल्या महिन्यात बायकांच्या खोलीत पाठवलं. एक मास्तरांची बायको होती. एक ट्रक ड्रायव्हरची. एक मोठ्या बागाईतदाराची, अंगावर पिवळं सोनं. नवऱ्याशिवाय कोणाच्या वाऱ्यालाही उभ्या न राहिलेल्या बाया त्या. सगळ्या रोज मला एकच विचारायच्या, "बाई, मी कुणाचं काय वाईट केलं?"

छबूबाई : आन् बाजारबसव्या न्हाईत व्हय?

विजयमाला : होत्या. थोड्या होत्या. त्यांचं त्यांना कळायचं तरी, त्या लवकर यायच्या. उशीर घरच्या बायकांना व्हायचा. ज्याला घर सोडून सहा-सहा महिने राहावं लागतं त्याला धोका जास्त. ड्रायव्हर, पलटणीतला माणूस, तुमच्यासारखी फडावर येणारी माणसं. आणि त्याहून जास्त, त्याची वाट बघत घरी बसलेल्या बाईला.

छबूबाई : किती निगाले? तिन्ही तळावर?

विजयमाला : एकशे पंधरांत अकरा.

छबूबाई : अकरा! दहात येक?

विजयमाला : दहात एक. प्रत्येक घराला वाटतं आपल्याच घरात आहे, म्हणून कोणी तोंड उघडत नाही. आणि हा रोग रक्तात दिसतो म्हणून मोजला तरी. असाच दुसरा रोग परमा, तो रक्तात दिसत नाही. पुरुषाला लघवीला आग होते म्हणून तो वैदू गाठतो. बायका अंगावर पांढरं जातं ते जन्माचंच आहे असं समजून गप्प राहतात. तो किती जणींना आहे, ते कोणी मोजलेलंच नाही.

छबूबाई : हे समदं खरं आसंल. पर माजा गहिनीनाथ तसला न्हाई.

विजयमाला : मी कोणाला तसला म्हटलं नाही. मी म्हणते, चारची गाडी जाऊ द्या. आज रंगूला इंजेक्शन दिलं तर पोटातलं मूल वाचायची खरी आशा आहे. पाथर्डीला भावाकडे गेली तर तिकडे तिला कोण देणार? चार मैलांवरून पाणी आणताहेत तिकडे यंदा.

छबूबाई : आन् लोक काय म्हनतील? मुकादमाच्या आईनं नासकी सून घरात ठिवली?

गहिनीनाथ : आये! रंगूला गाटोडं घिऊन भाईर का बसवलंय?

छबूबाई : आला का. फडातनं कशाला आलास? कोयता सुदीक हातात हाय. ठिव खाली.

गहिनीनाथ : सहादेव धावत आला सांगाया. रंगूला इचारलं तर बोलंना. नुसती माज्याकडं बगती. शिस्टरबाई, काय झालं?

विजयमाला : बसा मुकादम. तुम्हाला आणि रंगुबाईंना मी बोलावलं होतं, आईंना नाही. तुमच्या दोन बाटल्यांपैकी एकीत गरमीचा दोष निघाला. कोणाची ती मला कळत नाही, नंबर घालताना चूक झाली. आता दोन वाटा आहेत. पुन्हा दोघांचं रक्त घ्यायचं, नावं घालून. कागद यायला तीन आठवडे. किंवा काही न विचारता दोघांनाही आजपासून इंजेक्शन द्यायचं. नाहीतरी औषध दोघांनाच द्यावं लागतं. एकाला देऊन उपयोग नसतो.

छबूबाई : पुन्यांदा रगत घ्या! नावं घाला. एकडाव कागुदावर यिऊ द्या कुनाचं ते. मंग मी बी गप बसंन आन् तळ बी गप बसंल. गहिनीनाथ, कर हात फुडं. तुज्या रगतात काय बी न्हाई.

गहिनीनाथ : व्हय. माज्या रगतात काय बी निगनार न्हाई.

छबूबाई : बगा! म्या काय म्हनलं?

गहिनीनाथ : म्हनूनच नगं घ्यायला.

विजयमाला : म्हणजे?

गहिनीनाथ : शिस्टरबाई, ज्यानं तीन सुया घेतल्या आसतील, चार वरसांमागं, त्याचं रगत आता साफ निगंल का?

विजयमाला : ...निघू शकतं. वेळेवर घेतल्या असतील तर निघतं.

गहिनीनाथ : आन् त्याच्या बायकूनं घेतल्या नसतील तर तिचं?

विजयमाला : तिचं नाही निघणार.

गहिनीनाथ : मंग कागुदावर रंगूचंच नाव यील. दोष माजा आन् नाव तिचं. आये, त्यो रोग म्या आनला.

छबूबाई : उगी बायकूला झाकू नगं. लई चांगला हायस तू, म्हनून...

गहिनीनाथ : झाकत न्हाई. म्या आनला.

छबूबाई : शिस्टरबाई, ह्याचं ऐकू नगा. लहानपनापासनं आसाच हाय हा. दुसऱ्यानं मडकं फोडलं तरी म्हनायचा म्या फोडलं.

गहिनीनाथ : तेव्हा बी म्याच फोडायचो आये.

छबूबाई : गप! माजा लेक आसं करनार न्हाई. मला कुनी येऊन सांगू नगा, तू सुदीक सांगू नगंस.

विजयमाला : छबूबाई, त्यांना बोलू द्या.

गहिनीनाथ : चार वरसांमागच्या हंगामाला मी येकटाच आल्तो. रंगूला ताप येत हुता म्हनून तू आन् ती गावाकडं ऱ्हायल्या. सहा महिने येकटा. ट्रकवाल्यांसंगं वळख झाली. एका बाजारच्या दिवशी त्यांच्यासंगं गेलो. एकदाच. कुटं ते इचारू नगंस. फोड आला, गेला. मला वाटलं सुटलो. हंगाम सरला, घरला आलो. मंग आंगावर तांबडं तांबडं उटलं.

छबूबाई : उन्हानं उटलं हुतं ते. म्या दही लावलं हुतं.

गहिनीनाथ : दह्यानं जानार न्हवतं. वैशाखात मी तीन बेस्तरवार नगरला गेलो, आटवतं?

छबूबाई : गेल्तास. ढवळ्या बैलाच्या औशिदाला. ढवळ्या चारा खात न्हाई म्हनला हुतास तू...

गहिनीनाथ : आये.

छबूबाई : तीन येळा बाटली आनलीस तू.

गहिनीनाथ : बाटलीत गूळपानी हुतं. ढवळ्याला काय बी झालं न्हवतं.

छबूबाई : मंग नगरला काय केलंस?

गहिनीनाथ : डागदरानं सुई दिली. म्हनला, बायकूला घिऊन ये. म्या म्हनलं तिला काय न्हाई, ती धडधाकट हाय. आन् खरंच तिला काय दिसत न्हवतं. मी बरा झालो. वाटलं, संपलं. पैलं लेकरू मेलेलं आलं तवा वाटलं, व्हतं आसं. दुसरं गेलं तवा... तवा कळलं हुतं मला आये. पुरतं न्हाई. पर आतून कळलं हुतं.

छबूबाई : आन् तू माज्या शेजारी हुबा हुतास. माती लोटताना.

गहिनीनाथ : हुतो.

छबूबाई : ढवळ्यासाटी. साऱ्या गावाला सांगितलं म्या. भागूबाईच्या वट्यावर बसून सांगितलं. म्हनलं, लोक बापासाटी येवडं चालत न्हाईत, माजा लेक बैलासाटी उन्हातान्हात नगरला जातो. देवळात नारळ फोडला त्या बैलाच्या नावानं.

गहिनीनाथ : मारायचं तर मार.

छबूबाई : मारून काय करू? येवडा मोटा झालास, हात पोचायचा न्हाई माजा.

विजयमाला : छबूबाई, तीन वाजत आले.

छबूबाई : कळतंय मला. घड्याळ न्हाई कळत, पर ऊन कळतं... रंगूला म्या काय काय बोलले आसंन चार वरसांत. तिच्या दुधात दोष म्हनलं. तिच्या पायगुनाला म्हनलं. जमीन नासकी म्हनलं, आत्ता म्हनलं, ह्या बाईंच्या समोर.

गहिनीनाथ : ती तरी बोलली न्हाई.

छबूबाई : तू तरी कशाला बोललास? पुन्यांदा रगत दिलं आसतंस तर कागुदावर तिचंच नाव आलं आसतं. कुनाला कळलं आसतं? मी तर तुजीच बाजू धरून बसले हुते.

गहिनीनाथ : भाईर बगितलं तिला. गाटोडं मांडीवर. सातवा महिना. इकडं यिऊन गप बसलो आसतो तर फुडं कोयता हातात धरवला नसता.

छबूबाई : हं... तुज्या बापाला जमलं नसतं हे.

गहिनीनाथ : काय?

छबूबाई : काय न्हाई. बापाचं बापासंगं गेलं. सरक. गाटोडं म्याच बांदलंय, म्याच सोडते. शिस्टरबाई, सुई काडा. आनते मी तिला.

गहिनीनाथ : मी जातो आये.

छबूबाई : तू बस. तिला हात धरून कुनी आनली ते तळाला दिसू द्या.

विजयमाला : मुकादम, थोडं पाणी घ्या.

गहिनीनाथ : नगं. शिस्टरबाई, लेकरू वाचंल का?

विजयमाला : शब्द नाही देत. पण सातव्या महिन्यात औषध मिळालेली पुष्कळ मुलं मी चांगली जन्मलेली पाहिलीत. साडेतीनला डॉक्टरसाहेब येतील. आधी हातावर थोडंसं टोचून बघायचं, औषध मानवतं की नाही ते. मग दर आठवड्याला एक, असे तीन आठवडे. या वेळी चुकायचं नाही. आणि तुम्हीही.

गहिनीनाथ : मी तर घेतल्यात मागं.

विजयमाला : चार वर्षांमागं घेतलेल्या आज मोजत नाहीत.

गहिनीनाथ : भाईर आई कुनावर वरडतीया?

विजयमाला : छगनवर वाटतं. ऐका.

छबूबाई : ...दात काय काडतोस? नंबर एक सुई घ्यायला बसलाय आत, जोडीनं. तू नंबर चार. जा, बायकूला घिऊन ये. आन् अकरा नंबरला सांग, ज्याला ज्याला बोलवलंय त्यानं तिन्हीसांजेच्या आत यायचं. येकटं यायचं न्हाई. येकटा आलेला मानूस मी परत धाडंन... ये गं रंगू, उंबरा हाय, जपून. शिस्टरबाई, घ्या. आनली.

विजयमाला : या रंगुबाई. इथं बसा, भिंतीला टेकून. आईंनी सांगितलं काही?

रंगुबाई : चालता चालता सांगितलं. सारं.

गहिनीनाथ : रंगू...

रंगुबाई : मला ठाव हुतं.

गहिनीनाथ : काय ठाव हुतं?

रंगुबाई : ढवळ्याला काय झालं न्हाई ते. त्याला चारा म्या घालत हुते रोज. त्या वैशाखात त्यो एक पेंडी जास्तच खात हुता. तुमी बाटली आनायचे, आत्याबाई त्याच्या नरड्यात वतायच्या आन् त्यो मिटक्या मारायचा.

छबूबाई : आगं मंग बोलली का न्हाईस?

रंगुबाई : कशासाटी जात्यात ते ठाव न्हवतं. कुटंतरी दुखतंय आन् सांगत न्हाईत, येवडं कळत हुतं. म्हनलं, सांगतील. आज सांगतील, उद्या सांगतील.

गहिनीनाथ : चार वरसं?

रंगुबाई : चार वरसं. दोन लेकरं. आज बाभळीखाली बसले तवा मनात धरलं, गाडी येईस्तवर वाट बगायची. गाडी आली की मंग न्हाई.

गहिनीनाथ : गाडीत बसली आसतीस?

रंगुबाई : बसले आसते. रडत न्हाई, ताट बसले आसते. कोयता हाय मला चालवता. भावाच्या दारात भाकरी मागाया गेले नसते.

छबूबाई : ते खरं हाय. शिस्टरबाई, म्या वीस वरसं फड बगितला. आसा हात दुसरा न्हाई. मोळी बांदती तर दोरा सुटत न्हाई. लोक म्हनत्यात मुकादमाचा कोयता पैला. त्यो हिच्यामुळं पैला हाय, हा तर मुकादमकीत निम्मा दिस फिरतो.

गहिनीनाथ : हे तू कदी बोलली न्हाईस.

छबूबाई : आता बोलले ना.

विजयमाला : रंगुबाई, तुमच्यावर माझाही एक अन्याय झालाय. बाटलीवर तुमचं नाव घातलं नाही मी. पुन्हा तसं होणार नाही. मुकादम, टोळीची वही आहे का बरोबर? माझ्या कागदात आणि तुमच्या वहीत एकसारखी नावं हवीत, नाहीतर पुढच्या आठवड्यात परत घोटाळा.

गहिनीनाथ : कंबरंलाच हाय. ही घ्या.

विजयमाला : नंबर एक. गहिनीनाथ आसाराम. आता रंगुबाईंचं... खालच्या ओळीत लिहावं लागेल.

छबूबाई : खालची वळ सहादेवची हाय. नंबर दोन. सहादेवच्या वळीत माजी सून कशी जाईल?

विजयमाला : मग नवं पान करू का? बायकांची नावं वेगळी, मागच्या बाजूला.

छबूबाई : मागं? माजं नाव तुमी कागुदावर केवडं लिवलं हुतं, इथनं तिथवर. हिचं मागच्या पानावर का? कोयता एकच हाय, वळ बी एकच पायजे.

विजयमाला : मलाही तेच हवंय, छबूबाई. पण बघा ना, जागाच उरली नाही. मुकादमांचं नाव या कडेपासून त्या कडेपर्यंत गेलंय.

रंगुबाई : ऱ्हाऊ द्या बाई. सुई द्या आदी.

गहिनीनाथ : थांबा. ते खोडा शिस्टरबाई, आन् पुन्यांदा लिवा. माजं जरा बारीक लिवा.